मावशीचा हात आणि तावडेंची चिठ्ठी

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी एका माणसाला खूश करायची आणि सव्वाशे माणसांना नाराज. हे काम मी जवळजवळ सहा वर्षं केलं. त्याचा वेगळा पगार नव्हता. माझं खरं काम चहा करणं, कप विसळणं, टेबलं पुसणं. पण आमच्या कंपाउंडमध्ये चहासाठी मला कुणी ओळखत नाही. सगळे म्हणतात, "ती ड्रॉवाली मावशी."

यंदा गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून काम सोडलं. आता दिंडोशीला घरी असते. जेवताना मी कामावरचं काहीबाही सांगते, तेव्हा सून म्हणते, "आई, हे लिहून काढा." माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे मिळेल ते वाचत राहिले, त्यामुळे लिहायचं भय नाही. भय माणसांचं. चार माणसं समोर आली की माझा आवाज घशातच राहतो. वहीसमोर तसं होत नाही. ही वही कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

आमची कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीत. औषधाच्या बाटलीवरचं लेबल आणि ती बाटली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते ते खोकं, दोन्ही आमच्याकडे छापून, कापून, चिकटवून तयार व्हायचं. मी कंत्राटदाराची बाई. कंपनीच्या हजेरीपटावर माझं नाव नाही. हे आधीच सांगते, कारण ड्रॉ काढायला मला निवडण्याचं ते एक कारण होतं. जिचं नाव चिठ्ठीत नाही तिनेच चिठ्ठी काढावी.

दुसरं कारण असं, की चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या आणि मला इंग्रजी येत नाही.

म्हणजे सगळ्यांना तसं वाटत होतं.

योजनेचं नाव होतं 'शाबासकी'. ज्यांनी महिनाभरात एकही खाडा केला नाही आणि ज्यांच्या कामाची तक्रार आली नाही, त्यांच्यातल्या एकाला बक्षीस. पद्धत साधी. योजना सुरू झाली तेव्हाच कायम कामगारांच्या नावांच्या चिठ्ठ्या छापून एका खोक्यात टाकल्या होत्या. नवीन माणूस आला की त्याची चिठ्ठी वाढायची. दर महिन्याला मी एक चिठ्ठी काढायची. ऋतुजा मॅडम, म्हणजे आमच्या एचआरच्या मॅडम, ती उघडून नाव वाचायच्या आणि हजेरी बघायच्या. खाडा निघाला तर दुसरी चिठ्ठी. बक्षीस देऊन झालं की चिठ्ठी परत खोक्यात. छपाईची कंपनी असून दर महिन्याला नव्या चिठ्ठ्या छापायला मोठे साहेब तयार नव्हते. "एवढ्याशा कामासाठी कागद कशाला फुकट घालवायचा," म्हणाले. रोज टेम्पो भरून रद्दी जायची, पण ती त्यांना दिसत नव्हती.

ड्रॉच्या दिवशी माझा भाव वाढायचा. एरवी "मावशी, चहा पाणचट झालाय" म्हणणारे त्या दिवशी "मावशी, काय सुंदर चहा!" म्हणायचे. पॅकिंगमधल्या एका बाईने माझ्या हाताला कुंकू लावलं. एकाने सकाळी हळूच कॅडबरी ठेवली आणि नाव आलं नाही तेव्हा संध्याकाळी विचारलं, "मावशी, खाल्ली का ती?" मी खाल्ली नव्हती. परत दिली. त्याने घेतलीही.

मध्यंतरी कॉम्प्युटरवर ड्रॉ काढायचं ठरलं. पडद्यावर रंगीत चाक गरगर फिरलं आणि थांबलं ते बरोबर कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाच्या नावावर. त्याने काही केलं नव्हतं, बिचारा पांढरा पडला होता. पण हॉलमध्ये अशी काही शांतता पसरली की त्याने स्वतःच हात जोडले आणि म्हणाला, "मावशीलाच बोलवा."

तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या कंपनीतूनही मला बोलावणं यायला लागलं. तिथे एकदा मिठाईच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. खाली पाक राहिलेला. मी हात घातला तर एका ओढीत सात नावं आली. त्यांचे साहेब म्हणाले, "यातलं मधलं घ्या." मग मधलं कुठलं यावर वाद. शेवटी सातही जणांना बिस्किटाचा पुडा देऊन मिटवलं.

आता इंग्रजीचं सांगते. ऑफिसात प्रत्येकाचा स्वतःचा कप होता आणि त्यावर लेबल. लेबलांची कंपनी म्हटल्यावर लेबलं चिकटवायची हौस दांडगी. सगळी इंग्रजीत. दिवसातून दोनदा ते कप विसळायचे आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचे. पहिला महिना मी रंगावरून ओळखायची. मग अक्षरं डोळ्यांत बसली. अकरा वर्षं रोज तीच नावं हातांत घेतल्यावर ती न वाचता येणं अवघड. प्रॉडक्शनमधल्या लोकांचीही नावं लॉकरवर होती आणि लॉकर मीच पुसायची. तर मला सगळी नावं वाचता येत होती. पण मला कुणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय चिठ्ठी घडी घातलेली असते. वाचता आली काय, न आली काय, हात आंधळाच. अशी मी मनाची समजूत घातली होती.

आता तावडेभाऊ.

तावडेभाऊ कटिंग मशीनवर होते. माणूस मालवणचा, कंपनीत सगळ्यांत जुना. आमचं वय साधारण सारखं, तरी सगळ्यांचं ऐकून तेही मला मावशीच म्हणायचे, तेही आपल्या पद्धतीने. "मावशे." त्यांच्या मशीनवर कापलेला गठ्ठा टेबलावर उभा ठेवला तर बाजूने आरशासारखा गुळगुळीत दिसायचा. खाडा नाही, तक्रार नाही. आणि साडेपाच वर्षांत त्यांचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

प्रत्येक ड्रॉनंतर ते रिकामा कप घेऊन पॅन्ट्रीच्या दारात यायचे.

"मावशे, माजी चिट्टी गिळलंस काय गे?"

"मी काय करू तावडेभाऊ? हाताला येईल ती काढते."

"तुज्या हाताक माजा वास येता वाटता. शाईचो."

"तुम्ही कटिंगला आहात. शाई कुठली?"

"तां पण खरां."

आणि दुसरीकडे डिझाइनमधला प्रतीक. दोन वर्षांपूर्वी लागलेला, बोरिवलीचा मुलगा. त्याचं नाव तीनदा निघालं. मिक्सर, ट्रॉली बॅग आणि मनगटी घड्याळ. तिसऱ्या वेळी तो स्वतःच लाजला, पण घड्याळ त्याने घेतलं. तावडेभाऊ त्याला जावई म्हणायला लागले. "जावई इले! अधिक मासाचो मान घेऊक!"

हसण्यावारी चाललं होतं, पण त्या वर्षी त्यांचं हसणं कमी झालं. दसरा झाला की महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते. दसऱ्याला मशीनची पूजा झाल्यावर वर्षाचा मोठा ड्रॉ असायचा आणि बक्षीस होतं कपडे धुवायचं मशीन. तावडेवहिनींचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर होत नव्हता. पिळायचे कपडे त्या बादलीत तसेच ठेवायच्या आणि तावडेभाऊ घरी आल्यावर पिळायचे.

एक दिवस ते चहा घेत म्हणाले, "मशीन मिळाला तर बरांच. पण तां रवांदे. एकदा त्या हॉलात माजा नाव वाचूक व्हया. माज्या नावान कोणी टाळी वाजवूक नाय अजून. लग्नात सुदा बेंजोवालो उशिरा इलो."

त्यांनी विनोद केला होता, पण मला काही हसू आलं नाही.

दसऱ्याच्या आधी साफसफाईची धांदल असते. कपाटं, पंखे, नळ, सगळं घासायचं. त्यात ड्रॉचं खोकं माझ्या हाती आलं. ते आमच्याच पुठ्ठ्याचं, सोनेरी छपाईचं, तळाला एकात एक अडकणाऱ्या घड्या. वरून मी ते कितीदा पुसलं असेन. आतून कधी नाही. त्या दिवशी चिठ्ठ्या पातेल्यात काढल्या आणि खोकं उलटं करून आपटलं. घडीच्या फटीतून कागदाचं टोक दिसलं. विळीच्या टोकाने ओढलं तर चिठ्ठी. गोंदात एका बाजूने चिकटलेली. उघडली. लॉकरवर मी रोज पुसायची तेच नाव. तावडे.

मी तिथेच पिंपावर बसले. म्हणजे पहिल्या महिन्यापासून हा माणूस खोक्यात होता आणि नव्हताही. मी पासष्टेक वेळा हात घातला. त्यातल्या एकाही वेळी ते नाव माझ्या हाताला लागणं शक्यच नव्हतं. आणि दर वेळी मी त्यांना सांगितलं होतं, हाताला येईल ती काढते.

मग बाकीच्या चिठ्ठ्याही बघितल्या. जुन्या सगळ्या हाताळून कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. नव्या माणसांच्या चिठ्ठ्या मात्र कडक. त्यातही एक जाड, गुळगुळीत, लग्नपत्रिकेच्या कागदाची. डिझाइनवाल्यांनी उरलेल्या नमुन्याच्या कार्डावर छापलेली. प्रतीकची. मला लोकांसमोर उभं राहायचा इतका संकोच की मी खोक्यात हात घालून जे पहिलं बोटाला ठणकून लागेल ते उचलायची आणि मोकळी व्हायची. मऊ चिठ्ठ्यांच्या ढिगात कडक कार्ड पहिलं लागणारच. मिक्सर, बॅग, घड्याळ, सगळ्याचा उलगडा झाला. माझा हात आंधळा नव्हताच. तो घाईत होता.

दोन्ही चिठ्ठ्या घेऊन मी ऋतुजा मॅडमकडे गेले. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या, मनाने चांगल्या, पण कसली चूक झाली की त्यांच्या गळ्यावर लाल चट्टे उठतात.

"मावशी, ही कुणाची चिठ्ठी?"

मला नाव वाचता येतं हे सांगायची हीच वेळ होती. मी म्हटलं, "तुम्हीच बघा."

त्यांनी बघितलं. चट्टे उठले.

"बाप रे. साडेपाच वर्षं? कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. प्लीज. युनियनवाले, साहेब, सगळ्यांची वाट लागेल. आपण नवीन चिठ्ठ्या करू. सगळ्या सारख्या. खोकं नको, तुमचं पातेलं घेऊ."

चिठ्ठ्या छापल्या आणि कापायला अर्थात तावडेभाऊंकडेच गेल्या. त्यांना एवढंच सांगितलं की जुन्या खराब झाल्या. त्यांनी अशा कापल्या की एकावर एक ठेवल्या तर दोऱ्याएवढाही फरक दिसेना. घड्या त्यांच्यासमोर घातल्या. पातेल्यात टाकताना मॅडमनी एकेक नाव मोठ्याने वाचलं. स्वतःचं नाव आलं तेव्हा तावडेभाऊ म्हणाले, "चला, पातेल्यात तरी पडलंय."

मला वाटलं, आता निदान हिशेब सरळ झाला. कुणाची हरकत असायचं कारण उरलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी मशीनना झेंडूच्या माळा, हॉलमध्ये श्रीखंड-पुरीचा वास. पूजा झाली, पातेलं आलं. मी या वेळी ठरवलं होतं, घाई करायची नाही. बांगड्या मागे सारल्या, कोपरापर्यंत हात घातला, तांदूळ धुतात तसं तीनदा ढवळलं. तळाची एक घेतली. सगळ्या एकसारख्याच लागत होत्या. चिठ्ठी मॅडमच्या हातात दिली आणि नेहमीसारखी त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले.

मॅडमनी चिठ्ठी उघडली. खांद्यावरून मला अक्षरं दिसली. ते नाव मी सकाळीच विसळलं होतं. कान तुटलेल्या पांढऱ्या कपावरचं. प्रतीक.

मॅडम क्षणभर थांबल्या. गळ्यावर चट्टे उठलेले मला बाजूने दिसत होते. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, "तावडे! कटिंग!"

मी आयुष्यात तसला आवाज ऐकला नाही. पोरांनी टेबलं बडवली, कुणी शिट्टी मारली, पॅकिंगच्या बायकांनी तावडेभाऊंच्या कपाळाला गुलाल लावला. कुणीतरी मशीनची माळ काढून त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी तिथल्या तिथे वहिनींना फोन लावला आणि फोनवर कुजबुजायच्या ऐवजी ओरडले, "अगो, बादली फेकून दी!"

गोंधळात मॅडमनी चिठ्ठी चुरगळून माझ्या हातात दिली. "मावशी, कचऱ्यात टाका हं." त्यांच्या दृष्टीने हे अगदी सुरक्षित होतं. साऱ्या कंपनीत ज्या एका बाईला ती चिठ्ठी वाचता येणार नव्हती, तिच्याकडेच त्यांनी दिली होती.

मी पॅन्ट्रीत आले. कचऱ्याचा डबा पायाशी होता. हात उघडत नव्हता. मॅडमचं चुकलं असं म्हणवेना. ज्याला साडेपाच वर्षं फसवलं त्याला एकदा मिळालं तर काय बिघडलं? आणि बिघडलं नाही म्हणावं तर प्रतीकचं काय? त्याने काय केलं होतं? त्याचं नाव चोख निघालं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा.

तेवढ्यात दारात माळ आणि गुलालासकट तावडेभाऊ.

"मावशे, ती चिट्टी दी. मॅडम म्हणाले, कचऱ्यात टाकूक तुज्याकडे दिल्यानी. माका फ्रेम करूची आसा."

"कशाला? मशीन मिळालं ना?"

"मशीन दहा वर्सांत मोडतला. चिट्टी भिंतीर रवतली. दी."

मी 'टाकली' म्हणायला तोंड उघडलं. सोपं होतं. डबा समोरच होता. पण हा माणूस साडेपाच वर्षं मला एकच प्रश्न विचारत होता आणि मी नकळत त्याला साडेपाच वर्षं चुकीचं उत्तर देत होते. या वेळी मला माहीत होतं. अजूनही कधी कधी वाटतं, टाकली म्हटलं असतं तर? पण मी मूठ उघडली.

त्यांनी पिंपावर बसून चिठ्ठी मांडीवर हाताने सपाट केली. वाचली. उलटी करून मागे बघितलं. परत वाचली.

"ह्यां तर जावयाचा नाव."

"हो."

"तुका वाचूक येता?"

"कपांवरचं तेवढं येतं."

ते माझ्याकडे असं बघत राहिले की जणू पाण्याचा फिल्टरच बोलायला लागला होता. मग आवाज दाबून ओरडले, "मगे माका कित्याक दाखवलंस गे? फाडून टाकूक येय नाय होती?"

"तुम्हीच मागितलीत."

"मी मागलंय म्हणून काय दितंस? मी दर म्हयन्याक बक्षीस पण मागी होतंय, तां दिलंस कधी?"

एवढं दाखवलंच होतं. म्हणून उरलेलंही सांगून टाकलं. खोकं, घडी, गोंद, फटीत अडकलेली चिठ्ठी. मॅडमना किती वाईट वाटलं आणि म्हणून त्यांनी तुमचं नाव वाचलं असणार.

तावडेभाऊंनी मान वर केली.

"खंयचो खोको?"

"ते सोनेरी. तळाला घड्या असलेलं."

"तळाक चार घडये? एकात एक?"

"हो."

त्यांनी कपाळावर हात मारला. गुलाल उडून माझ्या धुतलेल्या कपांवर पडला. "तो मियाच केलंय गे! सायबान सांगितल्यान, तावडे, एक झकास खोको कर. मी माज्या हातान गोंद लावलंय. सुकायच्या आधीच माजी चिट्टी पयली टाकलंय. शुभ म्हणान!"

आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. हॉलमधल्यांना वाटलं असेल, मशीनच्या आनंदात हसतायत. मधेच ते थांबले.

"शिरा पडो त्या खोक्यार," म्हणाले. "पण ह्या टायमाक चिट्ट्यो मी कापलंय. समद्यो सारक्यो. होय ना?"

"एकदम सारख्या."

"पातेल्यात माजी होती?"

"होती. मी ढवळलं तेव्हा होतीच."

"आणि तू घाई करूक नाय?"

"तीनदा ढवळलं."

"मगे झालो तो ड्रॉ खरो झालो." ते उठले. दाराशी जाऊन परत वळले. "पाच मिंटां थांब. पुरी गरम आसा, ती खातंय. नंतर गळ्यात उतरूची नाय."

खरंच त्यांनी पुऱ्या खाल्ल्या. चार. मी दारातून मोजत होते. मग हात धुऊन कटिंग मशीनजवळच्या लाकडी पायरीवर चढले आणि टाळी वाजवली. लोकांना वाटलं, भाषण.

"ऐका रे! एक गडबड झालीय. मॅडमनी नाव वाचलं ते चुकून वाचलं. चष्मा नव्हता लावलेला."

मॅडमना चष्मा नाही हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मॅडमच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"ही चिट्टी माझ्या हातात आहे. नाव माझं नाय. नाव आहे," आणि इथे त्यांनी एक मोठा श्वास घेतला, "प्रतीक, डिझाइन."

हॉलमधून एकच आवाज आला, "परत?"

प्रतीकच्या तोंडात पुरी होती. त्याने ती गिळली, तोंड पुसलं, उभा राहिला. सव्वाशे माणसं त्याच्याकडे बघत होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच वाक्य लिहिलेलं होतं, आता हा म्हणेल, काका, तुम्हीच घ्या. एकीने तर पदर डोळ्यांकडे नेऊन ठेवला होता.

प्रतीक म्हणाला, "थँक्यू काका." मग मॅडमकडे वळून, "मॅडम, डिलिव्हरी बोरिवलीला फ्री आहे ना? चौथा मजला आहे, लिफ्ट बंद असते."

पहिले हसले ते तावडेभाऊ. "जावई शोभतो रे!" म्हणाले आणि पायरीवरून उतरून त्यांनी प्रतीकच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचं घड्याळ निसटलं. मग टाळ्या पडल्या. त्या कुणासाठी होत्या, हे त्या वेळी मला कळलं नाही आणि मी विचारत बसले नाही.

मॅडम पॅन्ट्रीत आल्या. दार लोटून घेतलं.

"मावशी, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

"नावं येतात."

"कधीपासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

त्या भिंतीला टेकल्या. मला वाटलं रागावतील. मला काढायला त्यांना कारणही लागलं नसतं, कंत्राटदाराला एक फोन पुरे. त्या म्हणाल्या, "मी चुकले ना?" मी म्हटलं, "मी असते तर मीही तेच वाचलं असतं. पण मग चिठ्ठी स्वतः फाडली असती, दुसऱ्याकडे दिली नसती." त्यांना हसू आलं, रडूही आलं. मी त्यांना आलं घालून चहा दिला. पुढच्या महिन्यापासून नियम झाला की चिठ्ठ्या दर वेळी नव्या, टाकताना नावं वाचायची आणि काढलेली चिठ्ठी सगळ्यांना फिरवून दाखवायची. कागद फुकट गेला तरी चालेल. साहेबांनी सही केली.

मी कप विसळायला लागले, तोच तावडेभाऊ परत दारात. या वेळी गळ्यात माळ नव्हती. हातात फोन होता आणि तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

"घी. तुजी वहिनी लाइनीर आसा. मशीन येवचा नाय म्हणान सांग."

"मी? मला फोनवर बोलता येत नाही हो!"

"चिट्टी वाचूक येता, मगे बोलूक पण येतला. फोडलंस तू, सांगतलंस पण तू. माज्याच्यान होवचा नाय." आणि फोन माझ्या ओल्या हातात कोंबून ते दोन पावलं मागे सरले, चूक केलेल्या पोरासारखे.

मी फोन कानाला लावला. पलीकडून वहिनींचा आवाज, "अहो, ऐकताय ना? मोरीत जागा केलंय. बादली शेजारणीक दिलंय."

मी कसंबसं सांगितलं. मी कोण, चिठ्ठी कुणाची निघाली, भाऊंनी स्वतः सगळ्यांसमोर कसं खरं सांगितलं, टाळ्या कशा पडल्या. एवढं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "मशीन नाही येणार वहिनी. माझ्यामुळे. माफ करा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

मग वहिनी म्हणाल्या, "अगो बाय, नाय तर नाय. तू कित्याक जीवाक लावन घेतंस? फुडच्या म्हयन्यापासून ह्ये घराकच आसत मां. चांगले दोन हात आसत त्येंका. फक्त शेजारणीकडसून बादली परत हाडूक सांग."

मी फोन बंद करून तावडेभाऊंना दिला.

"काय म्हणाली?" त्यांनी घाबरत विचारलं.

"म्हणाल्या, काही हरकत नाही," मी म्हटलं. "जाताना शेजारच्यांकडून बादली घेऊन जा."